जातं लावायचं कसं, आणि गाण्यातले दोन खुंटे कोणते?

प्रश्न थोडक्यात असा: आजीचं जातं गावाहून परळच्या घरी आणलंय. तुळशीचं लग्न झालं की घरात कार्य आहे आणि हळद याच जात्यावर दळायची हौस आहे. पण तांदूळ घालून पाहिले तर पिठाऐवजी भरड पडते आणि तीही दाताखाली कचकचते. सोबत गाण्यांबद्दलही विचारलंय. जनाबाईंच्या ‘सुंदर माझे जाते’मध्ये ‘जीव शिव दोन्ही खुंटे’ म्हटलंय, पण जात्याला तर एकच खुंटा दिसतो, मग दुसरा कुठला? ‘पुण्य वैरिले’ म्हणजे काय? आणि बहिणाबाई जात्याला जातं म्हणू नका असं का म्हणतात?

दोन्ही प्रश्नांना उत्तर एकाच जागी मिळतं. वरची तळी, म्हणजे जात्याचा वरचा दगड, उचलून आतमध्ये पाहा.

खालची तळी जागची हलत नाही. तिच्या मधोमध लोखंडाची किंवा लाकडाची खीळ ठोकलेली असते. वरच्या तळीला मधे मोठं भोक असतं, दाणे घालायचं तोंड तेच. या तोंडात आडवी लाकडी पट्टी बसवलेली असते, ती माकणी. माकणीच्या पोटात भोक असतं, त्यात खालची खीळ शिरते, आणि वरची तळी तिच्याभोवती फिरते. वर कडेला उभा लाकडी दांडा, तो खुंटा. म्हणजे खुंटे दोन झाले: एक हातातला, सगळ्यांना दिसणारा, गरगर फिरणारा. दुसरा तळीखाली झाकलेला, जागचा न हलणारा, पण फिरणाऱ्याला फिरवता ठेवणारा. दळणाऱ्या बाईला दोन्ही ठाऊक असत, कारण आतला ढिला झाला की बाहेरचा हातात नीट राहत नाही. ‘जीव शिव दोन्ही खुंटे’ मी असंच वाचतो: फिरणारा तो जीव, स्थिर तो शिव. काही जण दोन बायकांनी धरायचे दोन दांडे असा अर्थ लावतात. पण घरगुती जात्याला बहुधा दांडा एकच असतो आणि समोरासमोर बसलेल्या दोघी तोच एक खुंटा वर-खाली मुठी करून धरतात. ओळीतलं ‘लावुनि पाची बोटे’ही त्या मुठीचंच वर्णन आहे. अंगठा वर काढून चार बोटांनी खुंटा धरला तर दहा फेऱ्यांत मनगट भरून येतं. पाच बोटांना पंचप्राण म्हणा, पंचेंद्रियं म्हणा, तो पुढचा अर्थ. आधी मूठ वळलेली आहे.

आता तुमच्या भरडीकडे येऊ.

सगळ्यात आधी दगड शाबूत आहे ना ते बघा. वरची तळी जाड दोरीवर किंवा दोन लाकडांवर टेकवून हातोडीच्या दांड्याने कडेला हलकेच ठोका. चांगला काळा पाषाण खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, विशेषतः खुंट्याच्या भोकाजवळ, कारण तिथे दगडाची कड सगळ्यात पातळ. चीर गेलेली तळी पूजेला ठेवा, दळायला नको. उचलताना दोघं जण लागतील. १५ इंच व्यासाची, ३ इंच जाडीची एक तळी साधारण २४ किलो भरते, म्हणजे जोडी ५० किलोच्या आसपास. वरची तळी पिढ्यान्‌पिढ्या झिजून दीड-दोन इंचांवर आली असेल, तर वजनच उरत नाही आणि कितीही फिरवलं तरी भरडच पडते. त्यावर इलाज नाही. अशा जात्यावर डाळ भरडावी, ते काम ते उत्तम करतं.

दगड ठीक असेल तर दोष बहुतेक वेळा तीन जागी सापडतो: बैठक, माकणी आणि टाकी, म्हणजे छिन्नीच्या घावांनी दगडाला आणलेला खरखरीतपणा.

बैठक म्हणजे जातं मांडायची जागा. मुंबईच्या घरात गुळगुळीत फरशीवर जातं ठेवलं की ते दर फेरीला बोटभर सरकतं. गोणपाटाची चार पदरी घडी खाली घाला. जातं सरकत नाही, फरशी तडकत नाही आणि खालच्या मजल्यावर घरघर कमी जाते. गोणपाटावर स्वच्छ धुतलेलं जाड सुती कापड, आणि त्यावर जातं. खालच्या तळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली बशी ठेवून पाहा. पाणी एका बाजूला गेलं तर त्या बाजूखाली पुठ्ठा सरकवा. जातं कललेलं असलं की पीठ एकाच बाजूने पडतं, आणि तीच बाजू झिजत जाते.

माकणी हा नाजूक भाग आहे आणि जुन्या जात्यात हमखास तोच गेलेला असतो. लाकूड वाळून आखडतं, कीड लागते, भोक मोठं होतं, मग वरची तळी डुलू लागते. डुलणारी तळी एकीकडे दाणे तसेच सोडते आणि दुसरीकडे दगडावर दगड घासते. भरड आणि कचकच एकाच वेळी येण्याचं हे नेहमीचं कारण. नवी माकणी सुताराकडून बाभळीसारख्या कठीण लाकडाची करून घ्या. जुनी फेकू नका, माप तिच्यावरूनच घ्यायचं आहे. भोक खिळीपेक्षा जेमतेम मोठं असावं, खीळ सहज शिरावी पण हलू नये.

सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगा. माकणीचं भोक आरपार पाडायचं की अर्धं, हे जुनीत पाहून ठरवा. आरपार भोकात खीळ नुसती तळीला मधोमध धरते, तळीचं सगळं वजन दाण्यांवर पडतं. अर्ध्या भोकात खिळीचं टोक माकणीला आतून टेकतं आणि वजनाचा काही भाग खिळीवर जातो. अशा जात्यात पीठ बारीक की जाड हे ठरवता येतं. भोकात कापडाची छोटी गोल चकती घातली की वरची तळी किंचित उचलली जाते आणि भरड पडते. काढली की पीठ. तुमच्या जात्यात आजीच्या हातची अशी चिंधी अजून आत बसलेली असू शकते. डाळ भरडायला घातलेली आणि काढायची राहिलेली. टोकदार काडीने भोक कोरून पाहा. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

खुंटा हलत असेल तर लाकडाची पातळ पाचर मारा. वरून सरळ, हलके ठोके द्या. आडवा घाव बसला तर दगडाची कड उडते. खुंटा पाण्यात भिजवून फुगवून बसवायची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका. दोन दिवसांत लाकूड वाळतं आणि पुन्हा ढिलं होतं.

मग टाकी. तळीचा आतला भाग हाताने चाचपून पाहा. गुळगुळीत, तेलकट लागला तर टाकी गेली आहे. दाणा पकडायला दगडाला खरखरीतपणा हवा. तो टाकीच्या बारीक घावांनी आणतात. मुंबईत रस्त्याकडेला पाटे-वरवंटे विकायला बसणारे वडार कारागीर हे काम करतात, घरी बोलवलं तर येतातही. काम चालू असताना समोर उभं राहा आणि एवढं बघा: घाव तोंडाकडून कडेकडे जावेत, तोंडाजवळ विरळ आणि खोल, कडेच्या दोन-तीन इंचांत दाट आणि उथळ. सगळीकडे सारखीच ठोकाठोक केली की पीठ जाडच पडतं, कारण दाणा आधी फुटतो आतल्या भागात आणि त्याचं पीठ होतं कडेला. दगड ओला करून टाकी मारायला सांगा, खिडकी उघडी ठेवा, नाकावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

दोन्ही तळ्या नीट जुळतात का ते पाहायला गेरू उपयोगी पडतो. खालच्या तळीवर ओल्या गेरूचा पातळ हात फिरवा, वरची ठेवून अर्धी फेरी द्या, उचला. वरच्या तळीला जिथे लाल लागलं तिथे उंचवटा. लाल रंग कडेला गोल कडं धरून यायला हवा. तोंडाजवळ लागला तर उलटं झालंय. तोंडापाशी दोन तळ्यांत एक दाणा मावेल इतकी फट हवी आणि ती कडेकडे कमी कमी होत जायला हवी. तोंडाजवळ फटच नसेल तर दाणे आत शिरत नाहीत, वरच नाचत राहतात.

टाकी झाली की तळ्या कुंचलीने झाडा, धुवा, कडक उन्हात दोन दिवस वाळवा. मग मूठ-मूठ जाडे तांदूळ घालून दळा आणि ते पीठ टाकून द्या. पहिलं करडं येईल. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पांढरं आलं की चिमूटभर पेलाभर पाण्यात ढवळा, पाणी हळूच ओता आणि तळाशी बोट फिरवा. खर लागली तर आणखी एक मूठ. खर लागेनाशी होईपर्यंत खायचं काही दळू नका. आणि रिकामं जातं कधीही फिरवू नका, पाहुण्या मुलांना गंमत म्हणूनही नाही. मधे दाणा नसला की दगड दगडाला खातो, आणि ती खर पुढच्या पिठात जाते.

आता दाणे घालणं, म्हणजे वैरण. दाणे जात्यात घालण्याला वैरणे म्हणतात आणि घातलेल्या मुठीला वैरण. गुरांच्या चाऱ्यालाही आपण वैरणच म्हणतो, जातंही तोंडानेच खातं. जनाबाईंच्या त्या पदात शेवटाकडे सत्त्वाचं आधण ठेवलंय, त्यात ‘पुण्य वैरिले’ आणि ‘पाप ते उतू गेले’. इथे जातं संपून चूल सुरू झाली आहे. उकळत्या पाण्यात तांदूळ सोडण्यालाही वैरणेच म्हणतात, अजूनही काही घरांत ‘तांदूळ वैरले का’ असं विचारतात. एकाच शब्दावर बसून गाणं जात्यावरून चुलीवर जातं. दळलं, पीठ सासूपुढे ठेवलं, आधण चढवलं, वैरलं, उतू गेलं. बाईच्या पहाटेचा सगळा क्रम त्यात आहे, एक पायरी गाळलेली नाही. हे पद नुसतं रूपक म्हणून शिकवलं की हा क्रम निसटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वैरण किती घालायची? १४-१५ इंची जात्याला एका वेळी चिमटीपेक्षा थोडी जास्त, लहान मुलाची मूठ. उजवा हात खुंट्यावर, डावा सुपात. तोंड मोकळं दिसू लागलं की डावा हात पुढे, पण बोटं तोंडाच्या वरच थांबवायची, आत घालायची नाहीत. फिरती माकणी बोट पकडते. मोठी मूठ घातली तर वरची तळी दाण्यांवर तरंगते आणि भरड पडते. तुमच्याकडे बहुधा हेही होत असेल. नवशिक्याची ही पहिली चूक असते. अगदी थोडी घातली तर पीठ गरम होऊन जळका वास येतो. दिशा एकच ठेवा. थकवा आला की थांबा, उलटं फिरवू नका.

इथेच ओवीचं काम कळतं. जातं हळूहळू पण न थांबता फिरायला हवं, आणि नुसत्या मनगटाने ते जमत नाही, कमरेतून पुढे-मागे डुलावं लागतं. ओवीची चाल त्या डुलण्याला धरून असते. एक जण ओळ म्हणते, समोरची ती उचलते, मधे ‘गं बाई’, ‘सांगते’ असे शब्द येतात. कागदावर ते भरीचे वाटतात, जात्यावर ते श्वास आणि वैरण यांच्यासाठी ठेवलेली जागा असतात. ओळ लांबवली की फेरी पुरी होते. बसून वाचताना ओव्या एकसुरी वाटतात, हातात खुंटा घेऊन म्हटल्या की तो सूर का हवा ते दंडाला कळतं.

ओव्यांमध्ये जात्याला ‘ईश्वरा’ अशी हाक येते. नको मला जड जाऊ, अशी विनवणी येते. जातं जड जाणं ही रोजची, खरी तक्रार होती: टाकी गेली, दाणे सर्द झाले, की जातं जडच जातं. त्यापुढे बहुतेक वेळा आईच्या दुधाचा उल्लेख येतो. जातं हलकं फिरलं तर श्रेय आईच्या दुधाला, कारण सासरी सगळ्यांसमोर दळताना माहेरची परीक्षा होत असे. म्हणून जात्यावरच्या गाण्यांत माहेर इतकं येतं, भाऊ येतो, वनवासातली सीता येते. पहाटे घर झोपलेलं असताना जात्याच्या घरघरीत बाई काय गाते ते नीट कुणाला ऐकू जात नाही, हाही एक मोठा आडोसा होता. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि आता त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. कार्याच्या आधी दोन-चार ऐकून ठेवा, चाल कानात बसते.

ओवी जात्यापुरतीच नव्हती. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख आहे, तो कांडताना, म्हणजे मुसळाच्या कामात. लग्नात घाणा भरण्याच्या विधीत मुसळ आणि जातं दोन्हींना आंब्याची पानं, हळकुंड, सुपारी बांधतात ते उगाच नाही. मुंबई-ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी लग्नात ही जागा धवलारीण घेते. ती गाते ते धवले. ओवी आणि धवला एक नव्हे. तुमच्या घरची रीत कोणती ते आधी वडीलधाऱ्यांना विचारा.

बहिणाबाई चौधरींचा प्रश्न सोपा आहे. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, संस्कृतात तो शब्द ‘घरट्ट’. त्यांच्या ‘घरोट’ कवितेत त्या म्हणतात, ज्याच्यातून पीठ ‘येतं’ त्याला ‘जातं’ म्हणू नये. हा शब्दांचा खेळ आहे: आपल्याकडे येणाऱ्या गोष्टीला ‘जातं’ कसं म्हणायचं? पण शब्दाचं मूळ ‘जाणे’मध्ये नाही. यंत्र, त्याचं प्राकृतात जंत, आणि त्यावरून जातं. म्हणजे मराठी घरात ‘यंत्र’ म्हणजे जातंच होतं. याच कवितेत घरोटातून जशी पिठी पडते तसं पोटातून गाणं ओठी येतं, असं त्या सांगतात. दळणं आणि गाणं यांचं नातं इतक्या कमी शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये, त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी.

म्हणींतही जातं असंच अचूक आलंय. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण घडली कारण साध्या जात्याला पन्हळ नसते, पीठ चारही बाजूंनी कापडावर पडतं. जो पाहू शकत नाही त्याचं पीठ पलीकडून कुणीही नेईल. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ तर आता कळलंच असेल: सूप डाव्या हाताशी असतं, पुढची मूठ तिथूनच उचलायची असते.

राहिली हळद. अख्खं हळकुंड जात्यात घालू नका. ते दगडासारखं टणक असतं, तोंडात अडकतं, माकणी मोडते. आधी उन्हात कडक वाळवा, मग खलबत्त्यात किंवा उखळात कुटून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करा. १०० ग्रॅम हळकुंडं कुटायलाच अर्धा तास धरा. जात्यात वैरण नेहमीच्या निम्मी. पहिली पूड जाडसर पडेल, ती वस्त्रगाळ करा आणि वर राहिलेला चाळ पुन्हा दळा. अंगाला लावायची सगळी हळद जात्यावर काढायचा आग्रह धरू नका. मानाची पाच हळकुंडं जात्यावर, बाकीची दळलेली आणून त्यात मिसळा. घाणा भरताना पाच सुवासिनी एका जात्याभोवती बसतात तेव्हा एकीने वैरण घालायची आणि दोघींनीच खुंटा धरायचा. पाच हात एका खुंट्यावर आले की तो ओढला जाऊन पाचर निघते.

हळद झाल्यावर दगड पिवळा राहतोच, तो घासून काढायला जाऊ नका. दोन मुठी जाडे तांदूळ दळून टाका, बहुतेक हळद त्याबरोबर निघते. जात्याला पुढच्या वेळी पाणी लावायचं नाही, नारळाच्या शेंडीच्या कुंचलीने झाडायचं. मुंबईच्या हवेत तळ्यांमधे पीठ राहिलं की आठवड्यात अळ्या होतात. म्हणून वरची तळी उचलून झाडा, तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करा. पावसाळ्यात दळायची वेळ आली तर दाणे तव्यावर कोमट करून, पूर्ण गार झाल्यावरच घाला. सर्द दाण्याचं पीठ तळीला पापुद्र्यासारखं चिकटतं आणि टाकी बुजते.

आणखी एक. लग्नाच्या सामानात चार-सहा इंचांची ऑइलपेंटने रंगवलेली जाती मिळतात. ती मांडणीपुरती ठीक, पण त्यावर निघालेली हळद नवरीच्या अंगाला लावू नका, रंगाचे पापुद्रे त्यात येतात. आजीचं जातं तयार झालं नाही तर शेजारी-पाजारी विचारा, चाळीत एखाद्या माळ्यावर दुसरं निघेल. ते खाली उतरवताना तळ्या सुट्या करून, एका वेळी एकच आणा.